डाव्या पात्यावरचा काटा

आम्हाला सापडलेल्या नव्या जातीच्या पतंगाचं, म्हणजे फुलपाखराच्या भावंडाचं, उडवायच्या पतंगाचं नव्हे, नाव या लेखात येणार नाही, हे आधीच सांगून टाकते. आमचा शोधनिबंध स्वीकारला गेलाय, पण छापून यायचाय, आणि तोवर नाव चारचौघांत लिहायचं नाही असा या कामातला दंडक आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली. नाव कुणी दिलं, कुठे छापलं, कोणत्या तारखेला छापलं, यावर तिच्यात पानंच्या पानं आहेत. समजा उद्या एखाद्या वर्तमानपत्रात नाव आणि वर्णन दोन्ही आधी आलं, तर ते नाव कुणाच्या खात्यावर मांडायचं याचा घोळ पुढच्या पिढ्यांनी निस्तरत बसायचा. एका ओळखीच्या वार्ताहराला हे पटवता पटवता माझा चहा गार झाला. त्याचं म्हणणं साधं होतं, "मॅडम, शोध तर लागलाय ना?"

तिथेच तर गोम आहे. शोध कुठे लागला, हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही.

मी सिंधुदुर्गात एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पतंग हा पोटाचा धंदा नाही, सुट्टीतला उद्योग आहे, आणि त्यातही माझा जीव पिसारी पतंगांवर. विदर्भ-मराठवाड्यात तूर लावणाऱ्याला हा प्राणी समजावून सांगावा लागत नाही. शेंगा पोखरणारी हिरवी अळी, शेंगमाशी आणि पिसारी पतंग ही तुरीची तीन दुखणी कृषी विभागाच्या प्रत्येक पत्रकात असतात. तुरीवरचा तो पिसारी म्हणजे एक्झेलास्टिस ॲटोमोसा. बाकीच्यांना मात्र हा पतंग आहे हेच पटत नाही. पुढच्या पंखाला टोकाकडून फट गेलेली असते, त्यामुळे त्याचे दोन भाग होतात. मागच्या पंखाचे तीन. प्रत्येक भागाच्या कडेला केसांची झालर. बसला की हे सगळं गुंडाळून दोन्ही बाजूंना ताणून धरतो, आणि भिंतीवर इंग्रजी टी अक्षर काढल्यासारखं दिसतं. पाय लांबलचक, त्यांना काटे. अंगाला बोट लागलं की पाय तुटलाच.

आमचा सडा, म्हणजे हा पतंग जिथे मिळाला ते कातळाचं पठार, आंबोलीच्या अलीकडे, गावकऱ्यांच्या मालकीचा. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. इथला आंबोली टोड हा बेडूक २००९ साली जगापुढे आला. २०२० साली हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्यामुळे आमच्याकडे 'नवीन जात' या गोष्टीचं फारसं अप्रूप उरलेलं नाही. आंबोलीत दगड उचलला की खाली नवीन जात असते, असं आमचे एक सहकारी स्टाफरूममध्ये म्हणतात.

पिसारी पतंग पडद्यावर येतात, पण झुंडीने नाही. पांढरी चादर, १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब, सोबत पॉवर बँकेवर चालणारी अतिनील पट्टी असा सगळा थाट मांडून बसलं की आधी तुडतुडे, मग शेणकिडे, मग मोठे पतंग आणि कुठेतरी कोपऱ्यात एखादा पिसारी. त्यापेक्षा दिवस मावळताना सड्याच्या कडेने काठीने झुडपं हलकेच हलवत चालावं. हे समोरून उठतात, चार हात जातात आणि पुन्हा गवतात बसतात. उडणं इतकं हळू की जाळं न घेता नुसत्या काचेच्या नळीतही धरता येतात. माझा एक जुना विद्यार्थी आता त्याच गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करतो. त्याच्या पडवीतच आमचं बिऱ्हाड असायचं. त्याच्या आजीने नळीतला पतंग कंदिलापाशी धरून पाहिला आणि म्हणाली, "बाईनू, ह्यां पाखरू नवां कसां? आमी ल्हानपणापासून बघतंव."

आजीचं बरोबरच होतं. तो तिथेच होता. फक्त त्याच्याबद्दल कुणी लिहिलेलं आहे की नाही, हे शोधायचं होतं. आणि ते 'नाही' सिद्ध करणं हेच सगळं काम. एखादी गोष्ट आहे हे दाखवायला एक नमुना पुरतो. तिचं नाव आजवर कुणीच ठेवलेलं नाही, हे दाखवायला दीड-दोनशे वर्षांची कागदपत्रं उलथीपालथी करावी लागतात.

मारण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण शाळेत व्याख्यानाला गेले की पहिला प्रश्न तोच येतो. हो, पतंग मारावे लागतात. नळीत इथिल ॲसिटेटचा बोळा टाकायचा किंवा सरळ फ्रीझरमध्ये ठेवायचा. मला ते आवडत नाही. पण आमच्या पतंगाचा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आहे हेलिन्सिया. १९०५ साली टट या इंग्रज कीटक-अभ्यासकाने हे नाव दिलं. या जीनसमधले पतंग एकजात वाळक्या गवताच्या रंगाचे. पुढच्या पंखाच्या फटीच्या मुळाशी एखादा काळा ठिपका, तोही घासला गेला की नाहीसा. उत्तमातला उत्तम कॅमेरा आणला तरी फोटोवरून यातली जात सांगणं म्हणजे हवेत बाण मारणं. ज्यांच्या हाताखाली मी हे शिकले त्या पुण्याच्या सरांना मी पहिल्यांदा मोठ्या हौसेने फोटो पाठवले. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "फोटो राहू दे, पोट बघितलंस का?"

पोट, म्हणजे पोटाच्या टोकाशी असलेली जननेंद्रियं. पतंगांत जाती-जातींमधला पक्का फरक बहुतेक वेळा तिथे असतो. पंखाचा रंग उडतो, ठिपके कमीजास्त होतात, पावसाळी आणि हिवाळी पिढीचा आकारही बदलतो. आतले कठीण भाग मात्र त्या मानाने स्थिर राहतात.

याची पद्धत अशी. वाळलेल्या पतंगाचं पोट बारीक चिमट्याने खालून वर उचललं की सुटून येतं. ते १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात रात्रभर ठेवायचं. घाई असेल तर गरम पाण्यात नळी धरून काम लवकर होतं, पण हा पतंग इतका नाजूक की मी घाई करत नाही. सकाळपर्यंत आतलं मांस, चरबी सगळं विरघळतं आणि उरते ती पारदर्शक कातडी व तपकिरी कठीण भाग. मग सत्तर टक्के अल्कोहोलच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली, अगदी बारीक कुंचल्याने खवले झाडायचे. इथे खरा वेळ जातो. एक खवला अडकला तरी तो पुढे फोटोत नेमका महत्त्वाच्या जागी दिसतो. त्यानंतर आठव्या खंडाशी हलकं ओढून जननेंद्रियं बाहेर काढायची, क्लोराझोल ब्लॅकने रंग द्यायचा, नराचं लिंग वेगळं काढून शेजारी ठेवायचं, आणि सगळं युपराल या चिकट द्रवात काचपट्टीवर बसवून वर काच. काच टेकवायच्या क्षणी अवयव फिरतात. श्वास रोखून काच ठेवावी आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या कुकरची शिट्टी व्हावी, हे घरच्या प्रयोगशाळेचं वैभव.

नराच्या जननेंद्रियात दोन पाती असतात. स्वयंपाकघरातल्या चिमट्यासारखी, मादीला धरायला. शास्त्रात त्यांना व्हाल्व्हा म्हणतात. बहुतेक पतंगांत डावं-उजवं पातं सारखं. हेलिन्सियात मात्र दोन्ही वेगवेगळी. डाव्या पात्यावर आतल्या बाजूने एक लांब काटा असतो, उजव्यावर तो आखूड असतो किंवा जवळपास नसतोच. या काट्याची लांबी, बाक आणि टोक यांवर जात ठरते. आमच्या पतंगाचा काटा मुळाशी जाड, अर्ध्यावर जवळजवळ काटकोनात वळलेला आणि टोकाशी पुन्हा उलट दिशेला किंचित कललेला. दुसरा नर उघडला, तोच बाक. तिसरा उघडला, तोच. सरांना स्लाइडचे फोटो पाठवले. या वेळी त्यांचा फोन आला.

"हे मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. मी खूश. पुढचं वाक्य होतं, "पण मी न पाहिलेलं बरंच आहे. आता मेरिक काढ."

एडवर्ड मेरिक हे इंग्लंडमधले शाळामास्तर. मार्लबरो कॉलेजात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जगभरातून टपालाने येणारे छोटे पतंग बघायचे. चौदा हजारांहून जास्त जातींची वर्णनं त्यांनी केली. मास्तरकी करून पतंग बघणारी मी एकटी नाही, एवढा दिलासा त्यातून मिळतो. बाकी त्यांनी आमच्यासारख्यांचं आयुष्य अवघड करून ठेवलंय. जननेंद्रियं बघायची त्यांना आवड नव्हती. भिंग, पंख, मिशा, शिरा एवढ्यावर काम. त्यामुळे त्यांच्या वर्णनात पंखाची लांबी मिळते, 'फिकट गेरू रंग' मिळतो, फटीपाशी गडद ठिपका मिळतो आणि शेवटी ठिकाण: कारवार, कूर्ग, पळणी. त्या वर्णनात अर्धा हेलिन्सिया जीनस आरामात बसतो. १९१२ ते १९३७ या काळात त्यांनी जवळपास एकट्याच्या लेखणीवर एक नियतकालिक चालवलं, परदेशी सूक्ष्म पतंगांवरचं. ते सगळं आता जैवविविधता वारसा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. ही सोय नसती तर सावंतवाडीत बसून हे काम झालंच नसतं.

हॅम्पसनचे ब्रिटिश इंडियाच्या पतंगांवरचे चार खंड, १८९२ ते १८९६, मोठ्या पतंगांसाठी आजही उघडावे लागतात. आमच्या चिमुरड्यांना त्यांचा उपयोग नाही. आमच्यासाठी मेरिकनंतर बेनब्रिज फ्लेचर. हे बिहारमधल्या पुशाच्या कृषी संशोधन संस्थेत इम्पीरियल एन्टोमॉलॉजिस्ट, म्हणजे ब्रिटिश सरकारचे कीटकशास्त्रज्ञ होते. १९०९ साली त्यांनी सिलोनच्या पिसारी पतंगांवर लिहिलं, आणि अळी कशावर जगते हे ते आवर्जून नोंदवायचे, म्हणून मला ते मेरिकपेक्षा जवळचे वाटतात. शिवाय कर्नल स्विन्हो. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. १८८५ साली त्यांनी मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांची यादी लंडनला छापली. एवढ्यावर भागत नाही, कारण जुन्या काळी नावांची अदलाबदल फार. आज हेलिन्सियात असलेल्या जाती तेव्हा टेरोफोरस म्हणून नोंदवलेल्या. मेरिक तर पिसारी पतंगांना ॲल्युसिटा म्हणायचे, आणि आज ज्यांना ॲल्युसिटा म्हणतात त्यांना ऑर्निओडिस. पानभर वाचल्यावर कळतं की आपण वेगळ्याच कुळाबद्दल वाचत होतो. कीस गिलिस या डच अभ्यासकांनी २००३ साली जगभरच्या पिसारी पतंगांची सूची केली. ती हाताशी ठेवून मी एकेक नाव खोडत गेले. हे परदेशातलं, हे मोठ्या आकाराचं, याचं जननेंद्रिय रेखाटून ठेवलंय आणि काटा सरळ आहे.

शेवटी खोडता न येणारं एक नाव उरलं. दक्षिण भारतातली, शंभरेक वर्षांपूर्वी वर्णन झालेली जात. आकार जुळतो, रंग जुळतो, ठिपका जुळतो. आणि वर्णन फक्त एका मादीवरून केलेलं.

आता पंचाईत बघा. आमच्याकडे नर. त्यांच्याकडे मादी. काटा असतो नराला. म्हणजे इतके दिवस ज्या काट्यावर मी उड्या मारत होते, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. ती मादी आमच्या नराच्याच जातीची असेल तर आमचा पतंग नवा नाही, एवढंच. जुन्या नावाखाली नराचं पहिलं वर्णन म्हणून दोन पानं छापायची आणि गप्प बसायचं. तेही काम उपयोगाचंच, पण खोटं कशाला बोलू, मला नवी जात हवी होती.

त्या जुन्या जातीचा मूळ नमुना परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयात. तिथल्या संग्रहपालांना मेल लिहिलं. या मंडळींबद्दल माझा अनुभव चांगला आहे. हौशी माणूस म्हणून कुणी हलक्यात घेत नाही. धाकधूक वेगळीच होती. जुन्या नमुन्यांचं पोट पुष्कळदा गायब असतं. संग्रहात शिरणाऱ्या किड्यांनी खाल्लेलं, किंवा कुणीतरी पूर्वी काढून कुठल्याशा नळीत ठेवून हरवलेलं. तसं असेल तर प्रश्न कायमचा लोंबकळत राहतो. उत्तर आलं ते असं, की पोट जागेवर आहे, आणि एका तज्ज्ञाने काही दशकांपूर्वी त्याची स्लाइडही केलेली आहे. सोबत फोटो.

मग आम्हाला मादी हवी. आणि मादी मिळेना. पडद्यावर येणारे पिसारी बहुतेक नर निघायचे. त्या हंगामात भामुर्डीची आणि सोनकीची झुडपं मी अशी चाळली असतील की रस्त्यावरून जाणारे लोक थांबून विचारायचे, "औषधी हाय काय?" हेलिन्सियाच्या अळ्या बहुतेक सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडांवर असतात, म्हणून ही दोन झुडपं. भामुर्डीच्या शेंड्याशी, कोवळ्या पानांच्या गुंतवळीत, फिकट हिरव्या, केसाळ, बोटाच्या पेरापेक्षा लहान अळ्या सापडल्या. प्लास्टिकच्या डब्यांत टिश्यू पेपर घालून घरी वाढवल्या. पिसारी पतंगाचा कोष उघडाच असतो, शेपटीच्या टोकाने पानाला चिकटलेला, आणि तोही केसाळ. हात लावला की कोष कंबरेतून ताडकन उलटी कोलांटी घेतो. माझ्या मुलीला पतंगापेक्षा हीच गंमत आवडली. काही कोषांतून पतंगाऐवजी इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्या निघाल्या. त्या अल्कोहोलमध्ये घालून त्यातल्या जाणकाराकडे पाठवल्या, ती वेगळी कथा. काहींतून नर. आणि मग एकदाची मादी, पाठोपाठ दुसरी.

मादीत बघायचं असतं ते मीलनाचं द्वार कुठे आहे आणि त्यापुढची नळी कशी आहे. फोटोतल्या जुन्या मादीत ती नळी आखूड आणि रुंद, पेल्याच्या आकाराची. आमच्या मादीत लांब, अरुंद आणि द्वार मधोमध नसून बरंच एका बाजूला सरकलेलं. दोन फोटो पडद्यावर शेजारी ठेवले तेव्हा सूक्ष्मदर्शक न शिकलेल्या माझ्या नवऱ्यानेही मागून जाता जाता सांगितलं, "हे दोन वेगळे आहेत." सर मात्र दुसरी मादी उघडेपर्यंत काही बोलले नाहीत.

डीएनएबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडक्यात. एक पाय काढून प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. प्राण्यांच्या ओळखीसाठी हा तुकडा वापरायची कल्पना पॉल हेबर्ट यांनी २००३ साली मांडली आणि आता जगभर तीच चालते. आमच्या बाबतीत त्याचा सर्वांत मोठा फायदा हा झाला, की नर, मादी आणि घरी वाढवलेली अळी एकाच जातीचे आहेत हे पक्कं झालं. नवेपणाचा निकाल मात्र त्यावर लावता येत नव्हता. तुलनेला भारतातल्या हेलिन्सियांची अक्षरंच फारशी नोंदवलेली नाहीत, आणि त्या जुन्या मादीचा पाय तोडून मागायची हिंमत माझ्यात नव्हती.

कागदपत्रांकडे आले. राखीव वनात किंवा अभयारण्यात कीटक गोळा करायचे तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. आमची जागा मालकीची होती, तरी सडामालकांकडून लेखी घेतलं, कारण पुढे समीक्षक विचारतात. शिवाय जैवविविधता कायदा, २००२. त्याच्या ३९व्या कलमानुसार नवी जात सापडली की ठरवून दिलेल्या संस्थेला कळवावं लागतं आणि तिचे नमुने तिथे जमा करावे लागतात. मला हे मनापासून पटतं. शंभर वर्षांपूर्वीची आमची पतंगसंपत्ती बघायला आज लंडनला मेल लिहावं लागतं. आपल्या पतंगाचा मूळ नमुना आपल्या देशात असावा, पुढच्या मुलीला तो एसटीने आणि रेल्वेने जाऊन बघता यावा.

नवी जात लिहिताना सगळ्या नमुन्यांतून एक निवडायचा. त्याला होलोटाइप म्हणतात. जातीचं नाव कायमचं त्या एका वाळलेल्या पतंगाला बांधलेलं असतं. उद्या कुणी सिद्ध केलं की आमच्या नमुन्यांत खरं तर दोन जाती मिसळल्यात, तर नाव होलोटाइपकडे राहणार. १९९९ नंतरच्या नव्या नावांसाठी होलोटाइप कोणता आणि तो कुठल्या संग्रहात आहे हे छापणं सक्तीचं आहे. आम्ही नर निवडला, सहाही पाय शाबूत असलेला. पिसारी पतंगात ही दुर्मीळ चैन आहे. त्याला लाल चिठ्ठी लागली. त्याखाली पांढरी चिठ्ठी: गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. तिच्याखाली स्लाइडचा क्रमांक. कोकणातल्या पावसाळ्यात हा नमुना बुरशी, मुंग्या आणि पुस्तकी उवा यांच्यापासून सांभाळताना मी सिलिका जेलवर जितका खर्च केलाय तितका स्वतःच्या चपलांवर केलेला नाही. तो संग्रहात जमा झाला, नोंदवहीत चढला, त्याचा क्रमांक मिळाला, त्या रात्री मी शांत झोपले.

नावावर सगळ्यांची मतं होती. सरपंचांना गावाचं नाव हवं होतं, वर्गातल्या पोरांना माझं. स्वतःचं नाव स्वतः ठेवायला संहितेत बंदी नाही, पण तसं कुणी करत नाही. करणाऱ्याकडे लोक कसे बघतात हे मी पाहिलंय. लिनिअसच्या वेळेपासून पिसारी पतंगांची नावं 'डॅक्टिला'वर संपवायची एक परंपरा आहे. कसरीसारख्या छोट्या पतंगांना 'एला', पानं गुंडाळणाऱ्यांना 'आना', तसं यांना हे. कॅलिफोर्नियाच्या एका पतंगाला २०१७ साली दिलेलं, डोक्यावरच्या पिवळसर खवल्यांमुळे पडलेलं निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी हे नाव माझ्या एका विद्यार्थ्याने शोधून काढलं आणि आपल्याकडच्या पुढाऱ्यांची यादीच काढली. ती यादी मी फाडली. हेलिन्सिया स्त्रीलिंगी, त्यामुळे विशेषणाचं नाव ठेवलं तर तेही स्त्रीलिंगी हवं, एवढं लॅटिन सरांनी शिकवलं. शेवटी नाव पडलं ते काट्यावरून. सरपंच थोडे नाराज आहेत.

लिहिण्याचं काम फार रसहीन असतं असं लोक समजतात. मला आवडलं. 'सुंदर', 'नाजूक' असे शब्द चालत नाहीत. मिशी पुढच्या पंखाच्या किती भागाएवढी, पायाच्या काट्यांची जोडी कुठे, फटीची सुरुवात पंखाच्या मुळापासून किती अंतरावर, झालरीतले गडद केस कुठल्या भागात. आणि सगळ्यात वर 'निदान': कुठल्या जवळच्या जातींपासून ही कशी ओळखायची, चार ओळींत. त्या चार ओळींसाठी बाकी सगळा खटाटोप. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर २०१२ पासून एक अट वाढली आहे. झूबँक या नोंदवहीत निबंध आधीच नोंदवायचा आणि नोंद झाल्याचा पुरावा निबंधातच छापायचा. नाही तर नाव धरलंच जात नाही.

समीक्षक दोन होते, नावं न सांगितलेली. एकाला आमचं इंग्रजी आवडलं नाही, ते मलाही फारसं आवडलं नव्हतं. दुसऱ्याने एकच टिपण दिलं पण ते लाखमोलाचं: नराच्या जननेंद्रियाचा फोटो कुठल्या बाजूने पाहून काढला आहे, ते चित्राखाली स्पष्ट लिहा. कारण या जीनसमध्ये डावं-उजवं हाच सगळा मुद्दा. काही सूक्ष्मदर्शकांत प्रतिमा उलटी दिसते, स्लाइडवर अवयव पालथा पडलेला असू शकतो, आणि फोटो आरशातला असला तर वाचणारा उजव्या पात्यावर काटा असलेली एक भलतीच जात समजून बसेल. आम्ही पोटाकडच्या बाजूने पाहिल्याचं लिहिलं, डावं पातं बाणाने दाखवलं.

गेल्या आठवड्यात छपाईआधीचं प्रूफ आलं. पानाच्या मांडणीत नराचं आणि मादीचं चित्र समोरासमोर छान दिसावं म्हणून मांडणी करणाऱ्याने नराचा फोटो आडवा पलटून टाकलेला होता. काटा उजवीकडे. बाण मात्र जिथल्या तिथे, आता रिकाम्या पात्याकडे रोखलेला. मी दुरुस्ती लाल अक्षरांत लिहून सरांना दाखवायला पाठवली. त्यांचं उत्तर अर्ध्या तासात आलं: "बरोबर. आणि मापपट्टीही उडालीय बघ, तीही लिही."

ती लिहून प्रूफ परत पाठवलं आहे.